तुळशीजवळचा फोटो

मांडवात शिरल्यावर नवरदेव कोण, नवरी कोण हे आबा आधी विचारत नसत. "जनरेटर कुठं लावलाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग स्टेजवर चढून एकेका दिव्यासमोर उजवा हात धरायचे आणि पाचही बोटं भराभर हलवायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा काहीतरी मंत्र घालतोय. एका लग्नात नवरीच्या आजीनं तर घाबरून लिंबू उतरवून टाकलं होतं. कारण साधंच होतं. हलक्या दिव्याखाली हलणारी बोटं तुटक तुटक दिसतात, आणि बोटं तुटली की फोटोवर काळे पट्टे उमटतात. असा दिवा सापडला की ते मांडववाल्याला म्हणायचे, "ह्यो दिवा आजारी हाय, काढ." मांडववाला दुर्लक्ष करायचा. मग हे स्वतः शिडी लावून वर चढायचे, साठी उलटलेली असताना.

सगळे त्यांना आबा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. ते दौंडला राहायचे, रेल्वेलाइनीच्या पलीकडे दोन खोल्यांत, एकटेच. माझं दुकान शिरूरला, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला. मी लग्नांचे अल्बम तयार करते. फोटोग्राफर फोटो आणून देतात, मी ते कॉम्प्युटरवर साफसूफ करते, पानांवर मांडते आणि छापून घेते. आबांचे फोटो चौदा वर्षं माझ्या हातून गेले आणि त्यातली निम्मी वर्षं आमचं भांडणच चाललं होतं.

भांडण गोरेपणावरून. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरला नवरी दोन हात जास्त उजळ करून हवी असते. आबांना नको असायची. मी चुकून एखादीचा चेहरा उजळवला तर ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून खाकरायचे.

"आबा, गिऱ्हाईकाला आवडतं हो."

"आवडंल की. पर तिच्या बापानं अल्बम उघडला तर पोरगी वळखू आली पायजे."

मग मी कुरकुरत चेहरा परत होता तसा करायचे. खरं सांगायचं तर त्यांच्या फोटोंत मला करण्यासारखं फार काही उरलेलंच नसायचं, आणि त्याचाही मला राग यायचा.

त्यांच्या पिशवीत कॅमेऱ्याबरोबर एक धुतलेलं पांढरं धोतर असायचं. नेसायला नाही, उजेड वळवायला. भर दुपारच्या उन्हात नवरीच्या डोळ्यांखाली काळोख साचला की दोन करवल्यांना धोतराची टोकं धरायला लावायचे. पांढऱ्यावरून परतलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर सायीसारखा पसरायचा. लाल-पिवळ्या कापडाचा मांडव असला की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. "ह्या कापडाखाली समदी टमाटी दिसत्यात," म्हणायचे, आणि धोतर नेमकं नवरा-नवरीच्या डोक्यावर ताणून बांधायचे. व्याही रागावायचे. पाचशे लोकांत आपल्या मुलाच्या डोक्यावर कुणाचं तरी धोतर, म्हणजे काय.

फोटो काढताना "हसा" असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. "श्वास सोडा," एवढंच. माणूस श्वास सोडतो तेव्हा त्याचे खांदे खाली येतात. तेवढ्यात यांचं बटण दाबून झालेलं असायचं.

पाटसकडची लग्नं उसाच्या हंगामात असली की साखर कारखान्याची काजळी मांडवावर भुरभुरत राहायची. नवरीच्या पिवळ्या साडीवर बारीक काळे ठिपके पडायचे. बाकीचे फोटोग्राफर ते ठिपके माझ्याकडून एकेक करून पुसून घेत. आबा म्हणायचे, "असू द्या. हंगामात लगीन लागलंय, उद्या त्यांच्या पोरांना कळू द्या." रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं पहिली शिफ्ट सुटल्यावर तशीच युनिफॉर्मवर लग्नाला यायची. बाकीचे त्यांना मागच्या रांगेत दडवायचे. आबा त्यांची वाट बघत थांबायचे आणि पुढे उभं करायचे. म्हणायचे, "ह्यांनी झोप सोडलीय."

मोबाईलवर त्यांच्या नावाचं पेज मी उघडून दिलं. मीच उघडलं आणि मीच सांभाळलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. आठवड्यातून एकदा ते दौंडहून एसटीनं शिरूरला यायचे, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायचे, आणि लोकांनी काय काय लिहिलंय ते मी वाचून दाखवायचे. चांगलं लिहिलेलं वाचायला लागले की ते हातानं 'पुढं, पुढं' करायचे. वाईट असलं तर दोनदा वाचायला लावायचे. मग एकच प्रश्न, "खरं हाय का?"

तक्रार खरी असेल तर उत्तर लिहू द्यायचे नाहीत. त्या माणसाच्या घरी जायचे. भांडगावच्या एकानं पाचापैकी एकच तारा देऊन लिहिलं होतं, 'आमच्या चुलत्यांचा अख्ख्या अल्बममध्ये एकही फोटो नाही.' आबा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चुलत्यांच्या गोठ्यासमोर हजर. चुलते धार काढत होते. तिथंच, दारातून येणाऱ्या तिरक्या उजेडात, त्यांनी चुलत्यांचा फोटो काढला, आणि तो अल्बममधल्या सगळ्या फोटोंपेक्षा चांगला निघाला. त्या माणसानं तारे वाढवले की नाही हे आबांनी मला कधी विचारलं नाही. तारे म्हणजे काय हेच त्यांना नीट ठाऊक नव्हतं.

"लगीन म्हणलं की रुसवा आलाच, ताई," ते म्हणायचे. "आधी मामा रुसायचा, आता मोबाईल रुसतो. रुसल्यालं माणूस चिठ्ठीनं उठत न्हाई. त्याच्या म्होरं जाऊन बसावं लागतं."

आता तुळशीचं सांगते.

आमच्याकडे मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की तिला मागे नेऊन तुळशीजवळ बसवतात. हातात पाण्याचा तांब्या. पुढे सगळा गाव उभा आणि मागे ही एकटी तुळशीला पाणी घालत बसलेली. आताच्या मंगल कार्यालयांत ती तुळस म्हणजे आचाऱ्याच्या पातेल्यांशेजारी रंगाच्या डब्यात लावलेलं रोप असतं, पण रीत आहे.

आबा मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजवर थांबायचे नाहीत. स्टेज ते शिरूरच्या एका जाणत्या फोटोग्राफरवर सोपवायचे आणि चौथ्या-पाचव्या कडव्याला मागे जायचे. तुळशीच्या अलीकडे दहा-बारा पावलांवर थांबून पायातली चप्पल फरशीवर दोनदा घासायचे. बाईला कळावं म्हणून. तिनं पदर तोंडावर घेतला तर तिथूनच माघारी. नाही घेतला, तर एक फोटो. दुसरा कधीच नाही.

हा फोटो अल्बममध्ये जात नसे. माझ्याकडून एकच प्रत छापून घ्यायचे, मग स्वतःसमोर कॉम्प्युटरवरून पुसायला लावायचे, आणि मुलगी पाचपरतावणाला माहेरी आली की जाऊन पाकीट त्या आईच्या हातात द्यायचे. नवऱ्याच्या नाही, मुलाच्या नाही. चौदा वर्षांत असे किती चेहरे मी छापले आणि पुसले. त्यातले काही अजून डोळ्यांसमोर येतात. नवऱ्यांनी जन्मात बघितले नसतील असे चेहरे होते ते.

"कशाला करता हे?" मी एकदा विचारलं होतं.

"माझ्या बायकूला कुणी बघितलं न्हाई," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नात मी बी फुडंच हुतो." त्यांची बायको त्या लग्नानंतर वर्षभरात गेली होती. मुलगी लांब दिली होती. ह्याच्यापलीकडे ते कधी बोलले नाहीत.

मग दौंड तालुक्यातलं ते लग्न आलं. चैत्रातलं, दुपारचं. मुहूर्त गाठायचा सोडून पुढाऱ्यांचे सत्कार चालले, आशीर्वादाची भाषणं चालली. तास उलटला तसं यजमानांनी पंगती आधीच बसवल्या. कार्यालय खोल आणि अंधारं, एकही खिडकी धड नाही. मंगलाष्टकं सुरू झाली, आबा सवयीप्रमाणे मागे गेले, आणि शेवटच्या कडव्याला वीज गेली.

जनरेटर कुठं आहे ते आबांनी सकाळीच विचारून ठेवलं होतं. जनरेटरवाला कुठं असेल, ते विचारलं नव्हतं. तो पंगतीत बसला होता, हात पुरणपोळीत.

अंतरपाट अंधारातच दूर झाला. स्टेजवरच्या फोटोग्राफरचा फ्लॅश ऐनवेळी रुसला. त्यानं तीस-चाळीस फोटो ओढले, पण एकातही नवरा-नवरीला नाक-डोळे नव्हते. लोकांनी मोबाईलचे दिवे वर धरले आणि त्या उजेडात सगळ्यांना एकच गोष्ट दिसली. मुख्य फोटोग्राफर जागेवर नाही. ते धापा टाकत पुढे आले तोवर हार घालून झाले होते.

त्यात नवरदेवाच्या मित्रांनी टूम काढली, दिवे आल्यावर पुन्हा अंतरपाट धरू, पुन्हा हार घालू, फोटो काढा. कुणीही काढला असता. आबांनी हात जोडले. "लगीन लागलं. आता खोटा अंतरपाट मी न्हाई धरायचा. चुकी माझी हाय, मला बोला."

चूक त्यांचीच होती, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. अक्षतांचा फोटो ज्याला मिळाला नाही, त्यानं बाकी कितीही दिवे लावले तरी काय उपयोग. पण चुकीची शिक्षा चुकीएवढी असावी. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एक व्हिडिओ फिरायला लागला, कार्यालयाच्या मागच्या बाजूनं धोतराची पिशवी सावरत पळत येणारे आबा. खाली हसण्याच्या रांगा. पेजवर शंभरावर लोकांनी लिहिलं. त्यातले नव्वद त्या लग्नाला नव्हते. 'म्हातारा झोपला होता.' 'आबा, घरी बसा.' आणि सगळ्यात जास्त लोकांना आवडलेलं वाक्य, 'आत लग्न लागत होतं, हा मागं तुळशीचं लग्न लावत होता.'

आबा आले, स्टुलावर बसले. मी वाचून दाखवायला तयार नव्हते. त्यांनी सगळं वाचायला लावलं. तुळशीच्या वाक्यापाशी त्यांनी ते पुन्हा वाचा असं सांगितलं नाही. खिडकीतून स्टँडकडे बघत बसले.

"ह्यातलं कुणाच्या घरी जायचं, ताई?" ते म्हणाले. "एकाचं बी घर ठावं न्हाई."

दोन महिन्यांची ठरलेली लग्नं एकेक करून मोडली. म्हणजे लग्नं झाली, आबांना बोलावणं नाही आलं. ते मात्र दर आठवड्याला येत राहिले, चहा घेऊन परत जायचे. स्टुलावरची ती वाकलेली पाठ मला बघवत नव्हती.

आणि माझ्याजवळ तो फोटो होता. त्या लग्नातल्या आईचा. आबांनी प्रत नेली होती, नेहमीसारखी पोचवलीही होती. पण त्या गडबडीत पुसायला सांगायचे विसरले होते, आणि मीही पुसला नव्हता. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप तिच्या हातावर पडलेली. वीज गेली काय, आली काय, तिथं फरक पडत नव्हता. उजव्या हातातून पाण्याची धार चाललेली, डाव्या हातानं पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. असा फोटो मी आयुष्यात पुन्हा बघितला नाही.

मी तो पेजवर टाकला. खाली लिहिलं, 'आबा त्या वेळी इथं होते.' त्यांना विचारलं नाही. त्यांच्यासाठी केलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरं तर त्या नव्वद जणांची तोंडं बंद करायची होती मला, आणि मला त्यात मजा आली. हेही लिहून टाकते.

तोंडं बंद झाली. दोन दिवसांत फोटो कुठल्या कुठे गेला. शिव्या देणारेच हात जोडायला लागले. पुण्याहून फोन आले. मात्र त्यातच कुणीतरी लिहिलं, 'एवढी रडतेय म्हणजे पोरीच्या मनाविरुद्ध लग्न असणार.' मग दुसऱ्यानं तेच, तिसऱ्यानं त्याच्यावर आणखी काही. ज्यांना घरं माहीत होती त्यांनी ते नेमकं मुलीच्या सासरी नेऊन दाखवलं.

आठवड्यानं ती बाई माझ्या दुकानात आली, भावाला बरोबर घेऊन. पन्नाशीची, भांडगावकडची, शेतात राबणारी. फोटोतल्या हातांवरून मी ओळखलं. तिनं पिशवीतून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं.

"हे आबांनी दिलं तवा मला लई बरं वाटलं हुतं," ती म्हणाली. "आता सासरची म्हणत्यात, आमच्या घरी पोरगी दिली का हिरीत ढकलली? पोरगी फोनवर बोलत न्हाई माझ्याशी."

मी काहीतरी बोलायला गेले.

"आबा येऊन पाया पडलं. म्हणलं, चूक माझीच. पर त्यांना मोबाईल कुठं येतो." ती माझ्याकडे बघत राहिली. आवाज चढलेला नव्हता. "ताई, तिथं कुणी बघत न्हाई, म्हणून तर आमाला तिथं बसवत्यात. आबांनी चप्पल वाजवली, मी पदर घेतला न्हाई. म्हणलं, बघू द्या एका माणसाला. पर तुम्ही कोण?"

मी त्याच मिनिटाला फोटो काढून टाकला. त्याचा उपयोग काय होणार होता, तो हजार मोबाईलांत बसला होता. पाकीट तिनं परत नेलं नाही. ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी मी दौंडला गेले. रुसलेल्या माणसासमोर जाऊन बसावं लागतं, हे त्यांच्याकडूनच शिकले होते. आबा दारात दोरीवर धोतर वाळत घालत होते. मला बसायला चटई टाकली, पाणी दिलं. त्या बाईच्या मुलीच्या सासरीही ते जाऊन आले होते. तिथल्या लोकांनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं होतं.

"आबा, लोकं तुम्हाला वाटेल ते बोलत होती," मी म्हणाले. "मला सहन झालं नाही. आणि फोटो खरा होता."

"खरा हुता," ते म्हणाले. "पर लोकांनी मला इचारलं हुतं, ताई. तिला न्हाई. माझं उत्तर तिच्या तोंडानं कशापाई दिलं?"

त्यांनी पेज बंद करायला सांगितलं, तेही विनंती केल्यासारखं. कॅमेरा महिन्याभरात विकला. माझ्या दुकानात ते परत आले नाहीत. स्टूल मात्र मी हलवलेलं नाही. त्यावर आता कागदांचे गठ्ठे असतात.

आणि गंमत बघा. हिला गंमत म्हणायची तर. त्यानंतरच्या हंगामापासून शिरूर-दौंडच्या प्रत्येक फोटोग्राफरच्या यादीत 'तुळशीची पोझ' आली. लोक मागूनच घेतात. आईला साडी नीट करायला लावतात, तांब्या घासून आणतात, तुळशीला झेंडूची माळ घालतात. माझ्याकडे अल्बमला येतात ते फोटो. पानभर मोठे करून लावावे लागतात. त्या आयांच्या डोळ्यांत पाणी असतं, पण त्या कॅमेऱ्याकडे बघत असतात.

गेल्या माघात माझ्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका घेऊन मी दौंडला गेले होते. आबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. येतील असं मला वाटलं नव्हतं.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला मागच्या बोळात, तुळशीजवळ नेलं. माझ्याआधी तिथं कॅमेरेवाले पोचले होते. "काकू, मान थोडी खाली. तांब्या अजून तिरका. आता मनात आणा ना काहीतरी." मी मान खाली केली, तांब्या तिरका केला. माझी एकुलती एक मुलगी पुढे परक्याची होत होती आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. "मस्त आलं, काकू," म्हणत ते धावत स्टेजकडे गेले. मी तशीच बसून राहिले.

मग मागे फरशीवर चप्पल घासली. दोनदा.

मी पदर घेतला नाही. वळून बघितलं. बोळाच्या तोंडाशी आबा उभे होते, वाळून निम्मे झालेले, दोन्ही हात रिकामे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तुळशीवर आलेल्या उन्हाकडे.

"उजेड चांगला हाय, ताई," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून बोळ अडवून उभे राहिले.

तेवढ्यात कॅमेरेवाल्यांपैकी एक पुन्हा पळत आला. आणखी एक फोटो हवा होता बहुतेक. आबांचा आवाज मला ऐकू आला.

"हितं कुणी न्हाई. जावा."

तेव्हा मी रडले. आवाज करून रडले, पदर तोंडात न घालता. पुढे टाळ्या वाजल्या, वाजंत्री सुरू झाली, तांब्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. डोळे पुसून मागे वळले तर बोळ रिकामा होता. ते जेवायलाही थांबले नव्हते.

मुलीच्या लग्नाचा अल्बम मीच केला. तुळशीची पोझ पानभर लावली आहे, सगळे लावतात तशी. त्यानंतर मी जे रडले, त्याचा फोटो कुणाकडेही नाही.